चादरीच्या घडीतलं प्रवचन

आत्याला कुजबुजता येत नसे. बाहेर असताना त्याचं काही अडत नव्हतं. उभा जन्म बाजाराच्या तोंडाशी बसून भाजी विकलेली बाई ती. तिनं नुसतं 'टोमॅटो' म्हटलं की पलीकडच्या गल्लीतली माणसं पिशव्या शोधायला लागायची. पण तुरुंगात असला गळा म्हणजे डोक्याला ताप, आणि तिच्यापेक्षा जास्त ताप तुरुंगाला.

तशी ती इथं कुणाचीच आत्या नव्हती. आली त्याच दिवशी एक नवी मुलगी कोपऱ्यात बसून रडत होती. तिला ही म्हणाली, "गप गं, आत्या आहे ना मी." हे तिनं हळू आवाजात म्हटलं होतं. तरी ते दोन्ही बराकींनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांचीच आत्या झाली. वयानं मोठ्या बायकाही आत्याच म्हणायच्या. आत येण्याचं कारण विचारलं तर ती आडपडदा ठेवत नसे. बाजारातल्या जागेवरून सख्ख्या दिराशी भांडण झालं, रागाच्या भरात तराजूतलं किलोचं वजन भिरकावलं, आणि दिराच्या पायाचं हाड मोडलं. "नेम चुकला असता तर मी आज घरी असते," असं ती सांगायची, आणि सांगताना तिला खरोखरच वाईट वाटायचं.

आता तिच्या धर्माचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. आत्याचा पंथ एवढासा, मोजून चार गल्ल्यांतला. त्यांच्यात पुजारी नाही, ग्रंथ नाही, देवाचं चित्रसुद्धा नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एका खोलीत जमायचं, गप्प बसायचं, आणि ज्याला आतून काही सुचेल त्यानं उभं राहून ते सगळ्यांना सांगायचं. हीच त्यांची प्रार्थना. कधी एखादा म्हातारा बोलायचा, कधी शाळेतली मुलगी. कधी कुणालाच काही सुचायचं नाही, मग सगळे आपापल्या घरी जायचे. पण सुचलं आणि बोललं नाही, तर ते पाप. एवढं एकच पाप त्यांच्यात नक्की ठरलेलं होतं. बाकीच्या पापांबद्दल वाद होते.

आणि आत्याला तर लाँड्रीत पाऊल टाकलं की सुचायचं.

तुरुंगाची लाँड्री मोठी होती. शहरातल्या इस्पितळाच्या चादरी तिथं धुवायला यायच्या. एका टोकाला कपडे पिळायचं मशीन धडधडायचं, मध्ये घड्या घालणाऱ्या बायकांच्या जोड्या, दाराशी इस्त्रीची टेबलं. दुपारच्या सुट्टीत आत्या एक टब उपडा घालायची, त्यावर चढायची आणि बोलायची. बोलायची म्हणजे कशी, तर हातवारे करत, मध्येच कुणाला नावाजत, कुणाची फिरकी घेत. तुरुंगात तीन धर्मांचे तीन प्रवचनकार बाहेरून परवानगी काढून यायचे. भले लोक होते, पण त्यांचं ऐकताना बायकांना इतकी छान झोप लागायची की काहीजणी तिन्ही धर्मांच्या प्रवचनांना जायच्या. आत्याच्या बोलण्यात झोपायची सोयच नव्हती.

तिची सगळ्यात जुनी श्रोती होती शिंपीण. बारीक, तिखट बाई, देवबिव काही न मानणारी. "तुझा देव तुझ्याजवळ ठेव," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आत्यानं ते मनावर घेतलं नाही. "तुला नको असेल तेव्हा हात वर कर, मी तेवढ्यापुरती थांबेन," असा करार झाला. शिंपिणीनं आजवर एकदाही हात वर केला नव्हता. विचारलं तर म्हणायची, हातात चादर असते.

मग एक दिवस व्हायचं ते झालं. सुट्टी संपली तरी आत्या टबावर, बायका भोवती, आणि एका टेबलावर इस्त्री तशीच चादरीवर राहिली. धूर झाला. इस्पितळाची चादर होती ती, तिला मधोमध इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं.

तुरुंगाच्या मुख्य अधिकारी होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाई वाईट नव्हत्या हो. फक्त त्यांना कटकट नको असायची, आणि त्यांची नेमणूक अशा जागी झाली होती जिथं कटकटीशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यांनी आत्याला ऑफिसात बोलावलं.

"आजपासून उपदेश बंद. प्रार्थना करायची तर मनात कर."

"बाई, मनातलं आमच्यात धरत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मनातलं देवाला आधीच माहीत असतं. त्याला काय सांगायचं? सांगायचं असतं ते शेजारणीला."

मोठ्या बाईंनी कपाळ चोळलं. "हे बघ, तीन धर्मांची माणसं सांभाळताना माझ्या नाकी नऊ येतात. त्यात उद्या प्रत्येकजण टबावर चढायला लागला तर मी टब कुठून आणू? आणि तुझी लेक आली होती ना गेल्या भेटीला? तान्हं घेऊन?"

आत्याचा चेहरा असा फुलला की मोठ्या बाईंनाही क्षणभर बरं वाटलं. नात झाली होती आत्याला. पण बघितली होती ती भेटीच्या हॉलमधल्या दुहेरी जाळीतून. दोन जाळ्यांमध्ये हातभर अंतर, त्यामुळे दिसलं काय, तर एक गाठोडं आणि त्यात एक नाक. नाक आपल्यावर गेलंय एवढं आत्यानं ओळखलं होतं आणि सगळ्या बराकीला सांगितलं होतं.

"तुझं वागणं चांगलं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढची भेट टेबलावर देते तुला. मध्ये जाळी नाही, नातीला मांडीवर घे. फक्त उपदेशाची एकही तक्रार माझ्याकडे येता कामा नये. आली, तर जाळी."

आत्या "बरं" म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं. त्या दिवसापासून तिचे हात आपोआप बाळ धरल्यासारखे वाकायला लागले. चादरीची घडी झाली की ती छातीशी धरून उगीचच थोडी झुलवायची, मग पुढे द्यायची.

पण सुचायचं थांबेना, त्याला कोण काय करणार? आठवडाभर तिनं तोंडाला कुलूप घातलं. जेवण जाईना. शिंपीण म्हणाली, "तुझ्या गप्प बसण्याचा आवाज फार होतोय. बोल बाई काहीतरी." मग आत्यानं वॉर्डनला विचारलं की टबावर न चढता, खाली बसून बोललं तर तो उपदेश होतो का. या वॉर्डनला बायका शिट्टी म्हणत, कारण तिच्या गळ्यात कायम शिट्टी असायची. ती हरवून आता महिना झाला होता आणि बिचारी टाळ्या वाजवून काम भागवत होती, पण नाव काही बदललं नव्हतं. शिट्टी ऑफिसात जाऊन विचारून आली. बसून बोललं तरी उपदेशच. मग दोघी-तिघींशीच बोललं तर? पुन्हा ऑफिस. दोनच बायका असतील तर ती गप्पा, तीन झाल्या की उपदेश. आणि आवाज? शिट्टी तिसऱ्यांदा गेली आणि वैतागून आली. "समोरचीच्या पलीकडे कुणाला ऐकू गेलं तर उपदेश. आणि मला आता पुन्हा पाठवू नकोस, आत्या. मोठ्या बाई माझ्याकडे अशा बघतात, जसं काही मलाच सुचतंय."

झालं. समोर एकच बाई आणि हळू आवाज. आत्या कुजबुजायला शिकली. घशाला रुमाल गुंडाळून, अर्धा श्वास गिळून शिकली. शिंपीण तिची परीक्षा घ्यायची. चार पावलांवर उभी राहून, "ऐकू आलं. पुन्हा. ऐकू आलं. पुन्हा."

आणि चादरीचं काम असं असतं की त्यात दोघींना जवळ यावंच लागतं. दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची, मग चालत समोरासमोर येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. त्या एका क्षणी तोंडाजवळ तोंड येतं. तेवढ्यात एक वाक्य सहज बसतं. त्यातून एकाच जोडीला गप्पांची चटक लागू नये म्हणून ऑफिसानंच नियम केला होता. एका रांगेनं जागेवर राहायचं आणि समोरच्या रांगेनं दर चादरीनंतर एक जागा पुढे सरकायचं. आत्या पहिल्या जागेवर, शिट्टीच्या नजरेसमोर. समोरची बाई तिच्याकडून एक वाक्य घ्यायची, एक जागा सरकायची, पुढचीच्या कानात सोडायची. असं करत प्रवचन पार मशीनपर्यंत जायचं. नियम मोडला म्हणावा तर कुठंच मोडत नव्हता.

प्रवचन जायचं खरं, पण धडधाकट पोचायचं नाही. मशीनच्या बाजूला कान काम करत नाहीत. एकदा आत्या म्हणाली, "मन मोकळं करा." दुपारपर्यंत मशीनजवळच्या सगळ्या बायका माना गोल गोल फिरवत होत्या. त्यांच्यापर्यंत "मान मोकळी करा" असं पोचलं होतं. एकीची जुनी दुखणारी मान त्यानं खरंच सुटली आणि ती आत्याच्या पाया पडायला आली. आत्याला काही कळेना. पण कुणाला बरं वाटलं तर आपण कशाला नाही म्हणा, असा विचार करून तिनं आशीर्वाद दिला.

भेट अगदी तोंडावर आली असताना आत्याला बातमी कळली की दीर काठी टाकून चालायला लागला. रात्रभर तिच्या डोक्यात तेच. सकाळी लाँड्रीत आल्या आल्या तिला सुचलं, आणि तिनं पहिल्या चादरीला शिंपिणीच्या कानात सांगितलं, "मनात जे धरून ठेवलंय, त्याची क्षमा करा. आजच करा."

शिंपिणीनं भुवया वर केल्या. तिच्या मनात धरून ठेवलेल्यांची रांग बरीच लांब असावी. पण वाक्य तिनं पुढे सोडलं, इमानदारीत.

काम संपायच्या वेळेला दाराजवळच्या टेबलाशी गर्दी दिसली. आत्या बघायला गेली तर टेबलावर साबणाच्या वड्या. अर्ध्या, पाव, अख्ख्या. सुया, दोऱ्याची रिळं, तीन टॉवेल, फुटक्या आरशाचा तुकडा, स्वयंपाकघरातून नाहीशी झालेली मोठी पळी. शिवणखात्यातली कात्री, जिच्यासाठी सगळ्यांच्या गाद्या उसवून झाल्या होत्या. एकेक बाई येत होती, पोलक्यातून, बुटातून, केसांच्या अंबाड्यातून काहीतरी काढून ठेवत होती आणि खाली मान घालून जात होती. शेवटी मशीनवरची एक आडदांड बाई आली, टेबलावर शिट्टी ठेवली, आणि वॉर्डनकडे न बघता निघून गेली.

शिट्टीनं शिट्टी उचलली. पुसली. वाजवून बघितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"आत्याचा निरोप आहे," सगळ्या म्हणाल्या. "जे दडवून ठेवलंय ते जमा करा. आजच करा."

आत्यानं शिंपिणीकडे बघितलं. शिंपिणीनं मशीनकडे बघितलं. आणि मग दोघी चादरीत तोंड खुपसून हसत सुटल्या, खोकल्याचं निमित्त करायचंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठ्या बाई स्वतः उठून उभ्या राहिल्या. आत्याला खुर्ची दिली. टेबलावर ती पळी ठेवलेली होती, बक्षिसासारखी.

"चार झडत्या घेतल्या मी, चार. हाती काय लागलं? एक रीळ," त्या म्हणाल्या. "आणि तू दोन वाक्यांत करून दाखवलंस. मी चुकले, आत्या. तुझ्यासारखी बाई गप्प बसवायची नसते. रविवारी अर्धा तास तुला देते. सगळ्यांसमोर, उभं राहून. माईक देते."

माईक. आयुष्यभर नुसत्या गळ्यावर धंदा केलेल्या बाईला माईक म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

"आणि टेबलावरची भेट तर पक्कीच. दर वेळी."

आत्याच्या मांडीवर नात येऊन बसली. खरंच, तिला वजन जाणवलं.

"फक्त विषय मी देत जाईन," मोठ्या बाई म्हणाल्या. "या रविवारी साबणाची काटकसर. पुढच्या रविवारी रांगेतली शिस्त. तू तुझ्या पद्धतीनं रंगवून सांग. देवाची तशी इच्छा आहे म्हणून सांग. तुझं ऐकतात त्या."

आत्याच्या डोक्यात एक बाजू म्हणत होती, साबण तर साबण, त्यात कुणाचं काय बिघडतं. नात मांडीवर येईल. आणि देवाला साबणाचं वावडं थोडंच आहे. ही बाजू चांगली बोलत होती, तिला ऐकत राहावंसं वाटलं.

"बाई," शेवटी ती म्हणाली, "मी जमा करा म्हटलंच नव्हतं. मी क्षमा करा म्हटलं होतं. मशीनच्या आवाजात तसं झालं."

मोठ्या बाईंनी पळीकडे बघितलं, मग आत्याकडे. मग त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. "असू दे गं. काम झालं ना? जमा काय, क्षमा काय, एका अक्षराचा तर फरक."

"साबणाचं तुम्ही सांगा ना. तुमचा अधिकारच आहे तो, आणि तुमचं बरोबरही आहे, बायका फार साबण उधळतात. पण देवाला मध्ये कशाला घ्यायचं? तो माझ्याशी साबणाबद्दल कधी बोलला नाही."

"मग बोलला असं समज."

"तसं समजता येत नाही, बाई. समजता आलं असतं तर सोपं झालं असतं माझं."

मोठ्या बाईंना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. चांगलं करायला जावं आणि समोरच्यानं नको म्हणावं, याचं वाईट वाटतं माणसाला. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा आवाज पुन्हा ऑफिसातला झाला. "म्हणजे तू कुजबुजून का होईना, उपदेश करत होतीस. हे तूच मला आत्ता सांगितलंस. मग नियमाप्रमाणे टेबल नाही. भेट जाळीतून."

आत्या लाँड्रीत परत आली, चादर हातात घेतली आणि रडली. उगीच झाकायचं कशाला, चांगली हुंदके देऊन रडली. शिंपीण समोर उभी राहून तिची चादर ताणून धरत होती, म्हणजे दाराकडून कुणाला दिसू नये.

"अक्कल गहाण ठेवलीस का गं?" शिंपीण म्हणाली. "मी देव मानत नाही, तरी मी अर्धा तास साबणावर बोलले असते. नात मांडीवर मिळत होती."

"तू बोलली असतीस, कारण तू मानत नाहीस."

शिंपीण उरलेला दिवसभर फणफणत राहिली.

इकडे बातमी फुटली होती की निरोप क्षमेचा होता, जमेचा नव्हताच. बायका खवळल्या. आरशाचा तुकडा दिलेली म्हणाली, "म्हणजे माझा आरसा गेला तो फुकटच?" पळीवाली म्हणाली, ऑफिसातून परत मागता येतं का बघा. मशीनवरची ती आडदांड बाई मात्र बराच वेळ विचार करून म्हणाली, "बरं झालं मला चुकीचं ऐकू आलं. क्षमेचं ऐकलं असतं तर मी काही केली नसती. जमा करणं सोपं पडलं." आणि ती मशीनकडे निघून गेली, पण त्या संध्याकाळी ती कुणाशीच भांडली नाही.

भेटीचा दिवस आला. भेटीचा हॉल म्हणजे नुसता गलका. एका जाळीमागे बंदी बायका, दुसऱ्या जाळीमागे त्यांची माणसं, आणि प्रत्येकजण आपलंच पोचावं म्हणून ओरडतोय. कुणी घरातल्या आजाराचं सांगतंय, कुणी वकिलाचं, कुणी कुत्र्याला पिल्लं झाल्याचं, आणि सगळ्यांचं मिळून एकच काहीतरी भयंकर ऐकू येतंय. आत्या जाळीशी उभी राहिली. समोर लेक, तिच्या खांद्यावर नात. आता नाकाशिवाय एक कानही दिसत होता. नात कर्कश्श रडत होती.

"निरोपात टेबल म्हणाली होतीस ना?" लेकीनं ओरडून विचारलं.

आत्यानं सांगितलं. पण रुमाल गुंडाळून, अर्धा श्वास गिळून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे लेकीला ओठ हलताना दिसले, बाकी काही नाही. "काय?" ती म्हणाली. आत्यानं पुन्हा सांगितलं. "आई, काही ऐकू येत नाही. तुझ्या आवाजाला काय झालं? आजारी आहेस का?" आणि लेक घाबरली. आईचा आवाज ऐकू येत नाही, असं तिच्या जन्मात कधी झालेलं नव्हतं. ती रडायला लागली. मायलेकी, म्हणजे ती आणि तिचं बाळ, दोघी रडायला लागल्या.

हे मात्र आत्याला सहन होईना. तिनं गळ्याचा रुमाल सोडला, जाळीला दोन्ही हात धरले आणि पोटातून हाक घातली.

"बाळा, इकडे बघ. आजी आहे मी."

हॉल गप्प झाला. दोन्ही जाळ्यांमागची माणसं वाक्याच्या मध्येच थांबली. नातही रडायची थांबली. तिनं मान वळवली आणि डोळे मोठे करून बघितलं. अख्खा चेहरा. आत्याला पहिल्यांदाच पुरता दिसला.

आणि त्या क्षणी तिला सुचलं. आता काय करणार?

"आजी तुला मांडीवर घेणार होती," ती म्हणाली. "नाही जमलं. आजीची क्षमा कर. तू मोठी झालीस की विचारशील, आजी, माझ्यापेक्षा तुला देव जास्त का? तर तसं नाही गं. तुला मांडीवर घेऊन मी काय सांगितलं असतं? खोटं बोलून आले म्हणून? मी भाजी विकायचे, बाळा. सकाळी लोक यायचे, टोमॅटो दाबून दाबून बघायचे. चांगले घेऊन जायचे. संध्याकाळी उरायचे ते दबलेले, चिरलेले, डाग पडलेले. ते ज्यांनी दाबले तेच म्हणायचे, हे असले कोण घेईल? पण बाजार उठायच्या वेळेला एक गिऱ्हाईक यायचं. सगळे उरलेले घ्यायचं. भाव करायचं नाही. कुठला कुणी दाबला, विचारायचं नाही. मी एकदा म्हटलं, सकाळी या, ताजे मिळतील. तर म्हणालं, सकाळचे न्यायला खूप जण आहेत. बाळा, आमचा देव मला तसा वाटतो. संध्याकाळी येणारा. आम्ही इथं सगळ्या उरलेल्या आहोत. तो येतो आमच्याकडे, मी बघितलाय. तो आला की त्याच्यासमोर असं म्हणता येत नाही, की मला ने, पण हिला नेऊ नको, हिनं मला दाबलं होतं. क्षमा म्हणतात ती एवढीच. एका पिशवीत राहायला तयार होणं."

भेटीच्या हॉलमध्ये शांतता म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, हे कुणालाही कळतं. मोठ्या बाई धावतच आल्या. दारात शिट्टी उभी होती, गळ्यात शिट्टी, आणि आत काय चाललंय ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"हे काय? उपदेश?" मोठ्या बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"नातीशी बोलतेय, बाई," शिट्टी म्हणाली. "भेटीत नातेवाइकांशी बोलायला परवानगी आहे."

मोठ्या बाईंनी आत बघितलं. शिंपीण जाळीला टेकून उभी होती, दोन्ही हात मोकळे, आणि ते तिनं पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. मशीनवरच्या आडदांड बाईसमोर तिची जाऊ उभी होती, दोघी एकमेकींकडे न बघता आत्याकडे बघत होत्या. मोठ्या बाई काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच, की नातीचे डोळे हळूहळू मिटतायत. एवढ्या मोठ्या आवाजात कुणी झोपलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. ती ओशाळली. आपण तान्ह्या लेकरासमोर केवढं बोललो, असं वाटून तिनं जीभ चावली आणि ती थांबली.

लेकीनं डोळे पुसले, बाळाला खांद्यावर नीट घेतलं आणि जाळीच्या अगदी जवळ आली.

"ती कधीच झोपली, आई," ती म्हणाली. "पण तू थांबू नकोस. बाकीचे ऐकतायत."